देवघरातली विलायती गाय

दत्तप्रसादने तबकडी देवघरात ठेवली, तिथेच त्याचं चुकलं. पण त्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. शिरड शहापुरातल्या त्याच्या घरी चाळीस मेंढ्या आणि बारा शेळ्या होत्या, आणि त्या बारा शेळ्यांनी आजवर रेशनकार्डापासून रबरी चपलेपर्यंत सगळ्याची चव घेतली होती. घरात कडी असलेलं कपाट एकच, देवाचं. पुठ्ठ्याच्या वेष्टनातली ती मौल्यवान तबकडी त्याने खंडोबाच्या टाकामागे उभी करून ठेवली, कडी लावली आणि निर्धास्त मनाने दुकानात गेला.

तबकडी त्याची नव्हती, वसमतच्या अमृतरावांची होती. अमृतराव एका साखर कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. तरुणपणी यंत्रं शिकायला वर्षभर विलायतेत होते. बरोबरच्यांनी येताना घड्याळं आणली, यांनी पेटीभर तबकड्या आणल्या. दत्तप्रसादचं गावात साउंड दुरुस्तीचं दुकान. दोन वर्षांपूर्वी अमृतरावांच्या रेकॉर्ड प्लेयरचा पट्टा बदलायला तो गेला, आणि पट्टा बसला की नाही हे बघायला त्यांनी सुई टेकवली. लग्नाच्या डीजेंपुढे निम्मे कान घालवून बसलेला हा माणूस पुढची तेवीस मिनिटं जागचा हलला नाही. गाणं संपतच नव्हतं. मध्येच तुताऱ्या, मध्येच कोरस, मध्येच घोडा खिंकाळतोय.

"हे काय हाय साहेब?" त्याने विचारलं.

"प्रोग्रेसिव्ह रॉक. बसा, अजून दुसरी बाजू आहे."

तेव्हापासून दर रविवारी वसमतला वर्ग भरू लागला. विद्यार्थी एक, मास्तर एक. साठच्या दशकाच्या शेवटी विलायतेतल्या पोरांना तीन मिनिटांच्या गाण्याचा कसा कंटाळा आला, मग त्यांनी चर्चमधलं ऑर्गन, बासरी, अख्खा वाद्यवृंद, कवितेसारखी लांबण असं हाताला लागेल ते गाण्यात कसं घातलं, चार मात्रांचा ठेका मोडून पाचाचा, साताचा कसा धरला, हे सगळं अमृतरावांनी त्याला क्रमवार शिकवलं. त्यांच्याकडे दहा महत्त्वाच्या तबकड्यांची यादीच होती. कुठली आधी, कुठल्या तबकडीमुळे पुढची झाली, तोंडपाठ. दत्तप्रसादच्या आयुष्यात दुसरा असा वर्ग नव्हता. सबंध हिंगोली जिल्ह्यात आपल्याशी यावर बोलणारा हा एकच माणूस आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याने भंगारातून जमवून स्वतःचा प्लेयर बांधला, तेव्हा अमृतरावांनी फार विचार करून ही एक तबकडी चार दिवसांसाठी दिली.

"यादीत ही खालच्या नंबरावर आहे, म्हणूनच देतोय," ते म्हणाले. "आजवर एकही तबकडी या उंबऱ्याबाहेर गेली नाही. आमच्या घरच्यांनाही मी कधी हात लावू दिला नाही. डाग दिसला तर रविवार बंद."

आता या तबकडीच्या वेष्टनाबद्दल. त्यावर गाणाऱ्यांचं नाव नाही, तबकडीचं नाव नाही, अक्षर म्हणून नाही. हिरव्या कुरणात उभी असलेली, मागे वळून आपल्याकडे बघणारी एक काळी-पांढरी गाय. बस. तीन दिवस त्याने ती दुकानात सोबत वागवली, चौथ्या दिवशी सकाळी देवघरात ठेवली, आणि तो दिवस नेमका वसुबारसेचा होता.

दुपारी चारला अमृतरावांचा फोन आला. "औंढ्याला दर्शनाला निघालोय. पाचला तुमच्याकडे येतो, तबकडी घेऊनच पुढे जाईन."

दत्तप्रसादने दुकानाचं शटर ओढलं आणि घर गाठलं. अंगणात सडा, रांगोळी, गल्लीतल्या आठ-दहा बाया ताटं घेऊन उभ्या. मध्ये पाट. पाटावर त्याची विलायती गाय, गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि चारी पायांवर हळद.

"माय! हे काय करून राहिली?"

सत्यभामाबाईंनी वळून पाहिलं. त्यांचे डोळे भरलेले होते.

"ये रे बापू, ये. आठ दिवसांपासून मी म्हनून राहिले, मिराबाईनं गाय इकली, गल्लीत एक गाय राहिली न्हाई, यंदा पूजा कशाची करू? कुनी ऐकलं न्हाई. मला वाटलं तू बी ऐकलं न्हाई. अन सकाळी देवघर उघडते तं काय, गाय हुबी!" त्यांनी पदराने डोळे टिपले. "घरात शेळ्याच शेळ्या, पन माझ्या पोरानं मायसाठी गाय आणली. लय उपकार झाले बापू तुझे."

दत्तप्रसादचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा आईने त्याचं असं चारचौघींत कौतुक केलं होतं, आणि तेही न केलेल्या कामाबद्दल.

"पन सत्यभामाबाई, हिला वशिंड न्हाई," मिराबाईंनी अडचण काढली. स्वतःची गाय विकल्यापासून त्या दुसऱ्यांच्या गाईंबाबत फार कडक झाल्या होत्या. "बिनवशिंडाची पूजा चालती का?"

"काहून न चालंल? दूध देती का न्हाई? मंग गायच हाय."

"अन वासरू? वसुबारसेला वासरू लागतं."

"त्येची तजवीज झाली," सत्यभामाबाई अभिमानाने म्हणाल्या. "आमच्या रागिणीनं केली."

दत्तप्रसाद पाटाजवळ गेला. तो वाकून बघू लागला. गाईच्या मागे, कुरणाच्या अगदी कोपऱ्यात, एक तपकिरी वासरू उभं होतं. ऑइल पेंटचं. अजून ओलं.

"गाय मागं वळून बघून राहिली ना," रागिणीने नवऱ्याला समजावलं. "म्हंजे वासरालाच बघत असंल. मंग मी बराबर तिच्या नजरेपुढं काढलं. चित्रकलेच्या परीक्षेत बी ग्रेड होती माझी, तुमाला कवा खरं वाटलं न्हाई."

वासरू खरोखर बरं जमलं होतं. फक्त त्याला पाय पाच झाले होते.

"पाचवा पाय न्हाई तो, शेपूट हाय," रागिणी म्हणाली.

दत्तप्रसादने तिला बाजूला घेतलं. "ही साहेबांची हाय! वसमतच्या! ते पाचला येऊन राहिले."

रागिणीने कपाळाला हात लावला. "अवो, मंग सांगायचं ना! मला वाटलं आत्याबाईसाठीच आणली. आता बाईला काय सांगता? सकाळपासून गल्लीभर सांगून आल्या त्या, माझ्या पोरानं गाय आणली म्हनून."

"ते बघू. यातली तबकडी कुठंय? काळी, गोल?"

"ती व्हय?" सत्यभामाबाईंना शेवटचं तेवढं ऐकू आलं. "पिठाच्या डब्याचं झाकन हरवलं होतं, त्यावर झाकली. कशी बराबर बसली बघ."

बाजरीच्या पिठाच्या डब्यावरून दत्तप्रसादने तबकडी उचलली. खाचाखाचांत पीठ. अॅम्प्लिफायर साफ करायचा मऊ ब्रश घेऊन तो जमिनीवर बसला आणि देवाचं नाव घेत पीठ झाडू लागला. निम्मं झाडून होतंय तोच दारात गाडीचा हॉर्न वाजला. अमृतराव वेळेच्या बाबतीत कारखान्याचा भोंगा होते. पाच म्हणजे पाच.

पांढरा सदरा, काखेत कापडी पिशवी. दत्तप्रसादचे वडील दगडोबा ओसरीवर मेंढ्यांची लोकर कातरायची कात्री पुसत बसले होते. त्यांनी पाहुण्यांना घोंगडी अंथरली. दत्तप्रसादने त्यांना अंगणाकडे पाठ करून बसवलं.

"चहा घ्या साहेब. आज कोराच हाय, वसुबारसेचं दूध न्हाई चालत."

"चहा राहू द्या. तबकडी आणा, अंधाराच्या आत औंढा गाठायचाय."

आता वेळ काढायला एकच मार्ग उरला. "साहेब, जाता जाता एकदा इथंच ऐकू. माझ्या प्लेयरवर."

विद्यार्थ्याने बांधलेलं यंत्र ऐकायला कुठला मास्तर नाही म्हणेल? अमृतराव विरघळले. सुई टेकली, तुताऱ्या वाजल्या, आणि त्यांच्या मागे बाजरी तडतडू लागली.

"सुई जुनी दिसते," अमृतराव म्हणाले.

"व्हय साहेब, लय जुनी," दत्तप्रसाद घाम पुसत म्हणाला.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. दगडोबांचा हात हळूच घोंगडीवर चालू लागला. तरुणपणी त्यांनी रात्र रात्र ढोलावर धनगरी ओव्या गाजवल्या होत्या. गाणं वळलं की हात वळत होता, थांबलं की थांबत होता. अमृतराव कानाने तबकडी ऐकत होते आणि डोळ्यांनी तो हात.

"तुम्हाला आवडलं?" बाजू संपल्यावर त्यांनी विचारलं.

"ही ओवीच हाय की," दगडोबा म्हणाले. "आधी नमन, मंग कथा, मंग भटकनं, अन शेवटाला पुन्हा घरी. फकस्त लवकर आटपली. आमची सकाळपत्तुर चालायची."

अमृतरावांनी सुई उचलून बाजूला ठेवली. "पन्नास वर्षांत," ते म्हणाले, "मला हे इतक्या थोडक्यात कोणी सांगितलं नव्हतं." मग ते उठले. "आता वेष्टन आणा."

दत्तप्रसाद अंगणाकडे वळला. पण वेष्टन आणायची गरजच पडली नाही. पूजेच्या दिवशी आलेल्या पाहुण्याने दर्शन घेतल्याशिवाय जाऊ नये, म्हणून सत्यभामाबाई स्वतः पाट उचलून ओसरीवर आल्या. मागे सगळ्या बाया.

"घ्या दर्शन, साहेब. माझ्या पोरानं आणली."

अमृतरावांनी पाहिलं. कुंकू पाहिलं, हळद पाहिली, हार पाहिला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि वासरू पाहिलं. ओसरीवर शेळीसुद्धा ओरडेना.

आता थाप मारून भागणार नव्हतं. दत्तप्रसाद पुढे झाला. "साहेब, चूक माझी हाय. मीच देवघरात ठेवली. यांना कुनालाच म्हाईत नव्हतं की तुमची हाय. रविवार बंद करा, पन मायला काही बोलू नका."

 सत्यभामाबाईंनी पोराकडे पाहिलं, पाहुण्याकडे पाहिलं. "म्हंजे... माझ्यासाठी आणली न्हवती का रे?"

 मिराबाई खाली बघू लागल्या. तेवढ्यात अमृतरावांनी पाट सत्यभामाबाईंच्या हातून घेतला आणि घोंगडीवर नीट टेकवला.

"बाई, तुमच्यासाठीच आली होती," ते म्हणाले. "फक्त तिला इथवर यायला बावन्न वर्षं लागली." त्यांनी गाईच्या गळ्यातला हार सरळ केला. "आमच्या घरच्या दर वसुबारसेला म्हणायच्या, 'अहो, घरात गाय असून मी शेजारी पूजेला जाते. एकदा कुंकू लावू द्या.' मी म्हणायचो, डाग पडेल. दर वर्षी हेच. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. तबकडीवर डाग नाही. कोरी करकरीत आहे, आणि कपाट उघडलं की तीच मला खाते."

सत्यभामाबाईंनी कुंकवाचा करंडा त्यांच्यापुढे धरला. अमृतरावांनी बोट बुडवलं आणि गाईच्या कपाळावर, आधीच्या कुंकवाशेजारी, आणखी एक टिळा लावला. मग वासरालाही लावला. रंग ओला असल्याने बोट तपकिरी झालं.

"वासरू कोणी काढलं?"

"मी," रागिणी दाराआडून म्हणाली.

"छान आहे. पाय पाच आहेत."

"शेपूट हाय ते!" सगळ्या बाया एकदम म्हणाल्या.

अमृतराव इतके हसले की त्यांना बसावं लागलं. गाय आता इथेच राहील, असं त्यांनी सांगितलं. दर वसुबारसेला पूजा व्हावी, आणि आपल्याला आवतण यावं, एवढीच अट. सत्यभामाबाईंनी त्यांना गवारीची भाजी आणि बाजरीची भाकरी वाढली. "डब्यातल्याच पिठाची हाय," रागिणी नवऱ्याच्या कानात म्हणाली, तेव्हा दत्तप्रसादलाही हसू फुटलं. त्याने मनातल्या मनात आईचे, बायकोचे, खंडोबाचे आणि त्या अनोळखी विलायती गाईचे आभार मानले.

"आणि रविवार, साहेब?"

"रविवारी तुमच्या वडिलांनाही आणा," अमृतराव म्हणाले आणि त्यांनी कापडी पिशवी उघडली. "गाय नीट परत मिळाली असती, तर हीच द्यायची ठरवलं होतं. नीट मिळाली नाही, तरी देतोय. यादीतली पहिली. सन एकोणसत्तर. सगळं इथूनच सुरू झालं."

दत्तप्रसादने दोन्ही हातांनी ती घेतली. याही वेष्टनावर एक अक्षर नव्हतं. नुसता एक लालभडक चेहरा, डोळे विस्फारलेले, नाकपुड्या फुगलेल्या, तोंड आ वासून किंचाळणारं.

सत्यभामाबाईंनी वाकून पाहिलं. "अगं माय! केवढं वरडून राहिलं लेकरू! याला दिष्ट लागली. रागिणी, मीठ-मिरच्या आण."

"माय, न्हाई! ही पहिल्या नंबरची हाय!" दत्तप्रसाद तबकडी पोटाशी धरून मागे सरला.

"काढू द्या हो," अमृतराव भाकरी मोडत शांतपणे म्हणाले. "छप्पन्न वर्षं ओरडतोय बिचारा. कोणी विचारलं नाही."

सत्यभामाबाईंनी मूठभर मीठ-मिरच्या त्या विलायती चेहऱ्यावरून सात वेळा उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. सगळे नाकाला पदर, रुमाल लावून उभे राहिले. मिरच्या तडतडून जळून गेल्या, पण कोणालाच ठसका लागला नाही.

"बघा," सत्यभामाबाई हात झटकत म्हणाल्या. "लय जुनी दिष्ट होती."