गजभियेकाकांची पिवळी ब्राह्मी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या गजभियेकाकांकडे जंतुनाशक साबणाने हात धुऊन जाऊ नये. गच्चीच्या दारातच अडवले जाल. "हात वास मारून राहिले तुमचे! आता कायलेही हात लावू नका. माह्ये लेकरं मरतीन."

लेकरं म्हणजे जिवाणू. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने गच्चीभर पांढरे पाइप आडवे मांडलेत. त्यांत मातीचा कण नाही, नुसतं पाणी खेळतं, आणि पाइपांच्या भोकांतून ब्राह्मी, तुळस, अश्वगंधा डोकं काढतात. मुळांशी काकांनी जिवाणू सोडलेत. ते हवेतला नायट्रोजन ओढून झाडाला भरवतात म्हणे. त्यांना बाधू नये म्हणून काका नळाचं पाणीही ताजं घालत नाहीत. क्लोरीन उडून जावा म्हणून बादल्या उघड्या ठेवतात. जावयाची एवढी सरबराई कुणी करत नसेल.

"पानं काय पाहून राहिले, मुळं पाहा!" हा त्यांचा घोष. असं म्हणत अख्खं रोप उपसून ते पाहुण्याच्या नाकासमोर धरतात. माझ्या सासूबाईंच्या नव्या साडीवर तुळशीची मुळं निथळली, तेव्हापासून त्या आमच्याकडे आल्या तरी जिना चढत नाहीत.

मे महिन्यात तर कहरच. सारं नागपूर कूलरपुढे बसलेलं, आणि काकांचा कूलर गच्चीवर, रोपांपुढे! स्वतः खाली डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन पंख्याखाली. "पाणी तापलं का मुळं सडते, भाऊ. मी थोडीच सडतो?"

औषधही सगळ्यांना एकच. पोराची परीक्षा? ब्राह्मी. झोप येत नाही? ब्राह्मी. बायकोशी भांडण? "दोघांलेही ब्राह्मी."

ही सगळी विद्या त्यांना मुलीने, प्रज्ञाने शिकवली. ती हॉलंडात बिनमातीच्या शेतीवरच संशोधन करते. काकू गेल्या तेव्हा ती आली होती. परत जाताना बापाला एकटं सोडवेना, म्हणून हे पाइप मांडून गेली.

मला कोडं एकच होतं. एवढी बडदास्त ठेवूनही काकांची ब्राह्मी दर थोड्या दिवसांनी पिवळी कशी पडते? परवा दुपारी वर गेलो तर पुन्हा पानं फिकट. शेजारीच नायट्रोजनच्या द्रावणाचा कॅन काठोकाठ भरलेला.

"काका, विसरलात वाटतं," म्हणत मी झाकण उघडलं. काकांनी माझा हात धरला.

"राहू द्या, भाऊ. आता नोको."

"अहो, उपाशी आहेत ती! जिवाणू एकटे किती पुरे पडणार?"

"मालूम आहे मले." काका खाली बघत म्हणाले, "हिरव्या पानाचा फोटू धाडला तं पोरीचा अंगठा येते. पिवळ्याचा धाडला तं फोन येते."

मी झाकण पुन्हा लावलं. तेवढ्यात फोन वाजलाच.

"बाबा, नायट्रोजन दिला होता का?"

"देला होता ना वं. मले तं काही समजूनच नाई राहिलं. तूच सांग बरं, पयल्यापासून."

ती सांगू लागली. तोंडपाठ असलेलं ते सगळं काका पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होते. मधूनच "हो काय?" म्हणत होते. हळूच विचारलं, "जेवली काय तू?" पण तिला कामावर जायचं होतं. फोन बंद झाला.

काका लगेच उठले. मापाने द्रावण ओतलं आणि ब्राह्मीवरून गोंजारल्यासारखा हात फिरवला. "आता सुधरन हे."

मग ते पलीकडच्या हिरव्यागार तुळशीकडे वळले.

"पुढच्या येळेस हिले उपाशी ठेवा लागन, भाऊ. सारखी ब्राह्मीच पिवळी पडली तं पोरीले शंका येईन."