नाट्याचा रकाना

आमचे शेजारी अनंत पावसकर जन्मात मासळीला शिवले नाहीत. पण गल्लीत कोणाच्या पिशवीतून शेपूट डोकावलं की ते अडवायचेच. याला तुमच्या गावात काय म्हणतात, हा ठरलेला प्रश्न. माझ्या बायकोने एकदा माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं सांगितली, तेव्हा कुठे तिला फाटक उघडता आलं.

हे वेड नोकरीपायी लागलं. आम्ही दोघं रत्नागिरीतल्या एका मासळी कंपनीत होतो. दोन हजार सालानंतर मुंबईच्या ऑफिसने नवं सॉफ्टवेअर धाडलं. बुरोंडी, नाटे अशा बंदरांवरच्या रोजच्या फायली त्यात टाकल्या, की ते सगळं एकत्र करून रंगीत रिपोर्ट काढायचं. पावसकर इतके हरखले की कॉम्प्युटरला त्यांनी खणाचं कव्हर शिवून आणलं.

पहिल्याच रिपोर्टात गोल आलेखात एक हिरवा तुकडा निघाला: इसवण. नवा मासा लागलाय, असं पावसकरांनी साहेबांना सांगितलं आणि साहेबांनी मुंबईला कळवलंसुद्धा. मग खात्री करायला पावसकरांनी नाट्याला फोन लावला. तिथल्या केंद्रावर हसनभाई नावाचे वयस्कर कारकून होते. ते आधी पोटभर हसले.

"पावसकरभाऊ, इसवण म्हणजे सुरमईच. एका माशाचे दोन केलात तुम्ही."

तेव्हापासून संध्याकाळी नाट्याला फोन ठरलेला. सरंगा म्हणजे पापलेटच निघालं, दोन्ही एका ओळीत आले. "जुळलं पाहिजे," हे पावसकरांचं पालुपद. घरी एकटेच असत. रविवारी दोन वर्तमानपत्रं घेऊन दोन्हींतल्या भरती-ओहोटीच्या वेळा जुळवत बसत.

पुढे सगळी नावं जुळली. फायली आपसूक एकत्र होऊ लागल्या, विचारण्यासारखं काही उरलं नाही. फोन मात्र चालूच. शेजारच्या टेबलावर मला सगळं ऐकू यायचं: नाट्यात वारा किती आहे, होड्या गेल्या का, हसनभाईंचा खोकला, त्यांची गाभण शेळी. फाईल तर सकाळीच येते, मग फोन कशाला, असं मी एकदा विचारलं. सॉफ्टवेअरला सगळंच कळतं असं नाही, म्हणाले. आणि या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं.

एके दिवशी नाट्याची फाईल आली नाही. पावसकरांनी फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. रिपोर्ट दुपारी मुंबईला जायचा होता, आणि रिकाम्या रकान्याचा रिपोर्ट पावसकरांनी आजवर पाठवला नव्हता. साहेब म्हणाले, कालचाच आकडा टाका. कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून पावसकर उठले आणि त्यांनी नाट्याला जायला राजापूरची एसटी पकडली.

दुसऱ्या दिवशी उशिरा आले, दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. हसनभाई जेटीवर घसरून पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं. मुलगा आखातात, घरात दुसरं कोणी नाही. पावसकरांनीच त्यांना राजापूरच्या दवाखान्यात हलवलं होतं आणि ऑपरेशन होईपर्यंत तिथेच थांबले होते.

साहेबांनी केबिनमधूनच विचारलं, "पावसकर, नाट्याचा आकडा आणलात का?"

"विचारायचा राहिला," पावसकर म्हणाले, आणि मला दवाखान्याचा नंबर लावून द्यायला सांगून खुर्चीत बसले.