आगाशेकाका बोट ठरवतात

आगाशेकाका लिफ्टमध्ये शिरले की आधी एक उडी मारतात. वय एकोणसत्तर. दोन्ही पाय उचलून नीट उडी, मग कान देऊन ऐकायचं, मग "ठीक आहे, चला" म्हणून आपल्याला आत घ्यायचं. नोकरीभर त्यांनी लिफ्ट तपासल्या. निवृत्त झाल्यापासून उरलेलं जग तपासतात. वारज्यातल्या आमच्या सोसायटीत त्यांच्या तावडीतून गॅसवाला सुटला नाही की पूजेचे गुरुजी. "लेखी आहे का?" हा ठरलेला प्रश्न. मी चंद्रपूरची, नोकरी खराडीला, आणि राहते यांच्या बरोबर डोक्यावर. सामान चढवत होते तेव्हाच त्यांनी विचारलं होतं, "आपण घरात चपला घालता का?" काय बोलावं बाप्पा अशा माणसाला!

त्यामुळे हे काका डिसेंबरात काकूंना घेऊन अंदमानला जाणार आणि बोट करून खोल समुद्रात मासे धरणार, हे ऐकून मी हसतच सुटले. चातुर्मासात यांच्या घरी कांदाही बंद. पोहता येत नाही. खडकवासल्याला गेले तरी पाण्याकडे पाठ करून कणीस खातात.

पण बोट ठरवायची तर तपासूनच. रोज संध्याकाळी काका पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून फोन स्पीकरवर टाकायचे. घरात रेंज नाही म्हणे.

"आपका इंजन का पिछला तपासणी कब हुआ?"

"सर, एकदम नया है."

"नया मतलब? लेखी है क्या?"

मग लाइफ जॅकेट किती, त्यातल्या शिट्ट्या वाजतात किती. एकाला तर त्यांनी फोनवर शिट्टी वाजवायला लावली, आमचा वॉचमन धावत आला. शेवटी आवाज एकदम खाली आणून काहीतरी विचारायचे, उत्तर ऐकायचे आणि वहीतल्या नावावर काट मारायचे. अशा सहा बोटी गेल्या. "हिला सांगून बसलोय," ते म्हणाले, "आता नाही जमलं तर कुठल्या तोंडाने सांगू?" चेहरा खरंच उतरला होता.

मला राहवेना. लॅपटॉप घेऊन बसले आणि सातवी बोट शोधून काढली. सगळे दाखले जोडलेले, आणि धरलेला मासा फोटो काढून परत पाण्यात सोडतात! हत्या नाही, पाप नाही. शाबासकी मिळणार म्हणून मी ऐटीत कागद पुढे केला.

काकांनी चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचलं. "सोडतात?"

"हो ना काका!"

"मग काय उपयोग?" आणि काट.

काका स्कूटरच्या आरशावरची धूळ बोटाने पुसत होते. "तिथल्या तिथे तळून वाढणारी बोट हवीय मला. आमची ही मूळची मालवणची. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात आली, त्याला चाळीस वर्षं झाली. तेव्हापासून मासा बंद. मी कधी खाऊ नकोस म्हटलं नाही हो. पण खा असंही म्हटलं नाही."

मग आरशाकडे बघतच म्हणाले, "रविवारी तुमच्याकडे मासे असले की ही बाल्कनीत जाऊन उभी राहते. कपडे वाळलेत का बघते म्हणते. कपडे आम्ही शनिवारी धुतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यांच्याच धाकाने मी रविवारी खिडक्या गच्च लावून घ्यायची; एक्झॉस्टमधून जाईल तेवढाच वास खाली.

"एक काम करा," काका म्हणाले. "या रविवारी खिडक्या उघड्या ठेवा. मला सवय करायचीय. बोटीवर माझं तोंड जरा जरी वाकडं झालं ना, तर ती ताट सारून देईल. ओळखतो मी तिला."

आठवी बोट पास झाली. नवरा-बायकोची होती, बायको तळायची. "तळून देऊ" असं काकांनी तिच्याकडून लिहून घेतलं.

रविवारी मी बांगड्याचा रस्सा टाकला, खिडक्या सताड उघडल्या आणि खाली डोकावले. काका बाल्कनीत खुर्चीवर ताठ बसलेले. रुमाल मुठीत घट्ट, पण नाकाशी नाही. काकू बाहेर आल्या. त्यांनी रिकाम्या दोरीकडे पाहिलं, मग काकांकडे.

"छान वास येतोय, नाही?" काका म्हणाले. शुद्ध थाप, तीही तोंडी!

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि मान वर केली. "अगं, बांगडा ना? तिरफळं नाही घातलीस?"

"ती काय असतात, काकू?"

"अरे देवा! थांब, वरच येते मी."

काकूंचे गुडघे दुखतात, जिना जमत नाही. लगबगीने खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडलं. "थांब गं, आधी मी बघतो," काका म्हणत होते. मी माझ्या दारात जाऊन उभी राहिले. खालून धप्प अशी उडी ऐकू आली, जरा वेळ शांतता, आणि मग, "ठीक आहे. चल."