रुळांकडे पाठ

किसनमामा स्टेशनवर कधी रुळांकडे तोंड करून बसले नाहीत. फलाटावर आले की वळकटी टाकायची, रुळांकडे पाठ करायची आणि कुंपणाबाहेरच्या बाभळीकडे पाहत बसायचं. आम्हालाही तसंच बसवायचे. "तिकडं पाहू नका गं पोरींनो. पाहिलं की येत न्हाई ती." त्यामुळे रांजणीच्या फलाटावर आम्ही चार-पाच सासुरवाशिणी, मांडीवर लेकरं, पायाशी पिशव्या, सगळ्या ओळीनं गाडीवर रुसल्यासारख्या बसलेल्या. येणारे-जाणारे हसायचे. हसू देत बापडे! गाडी तशीही वेळेवर यायची नाही आणि अशीही नाही, मग मामांचं ऐकायला आमचं काय जात होतं?

मामा आमचे माहेरचे शेजारी. नात्यागोत्यातले कुणी नव्हेत. भिंतीला भिंत लागून त्यांची पिठाची गिरणी. दिवसभर लाइटीची वाट पाहून पाहून माणसाचा जगावरचा विश्वास उडावा, तसं त्यांचं झालं होतं. "बिलकुल उम्मीद धरायची न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दळणाचा डबा ठेवायला गेलं तरी तेच, पोरगं परीक्षेला निघालं तरी तेच. एकदा तर कुणाच्या लग्नात नवरदेव घोड्यावर बसत असताना म्हणाले. नवरीचा बाप मारायला धावला. "मी पावसाबद्दल बोलून राह्यलो होतो," मामा म्हणाले, पण ते कुणाला पटलं नाही.

आम्ही तिघी बहिणी, पाठीवर भाऊ नाही. आबांचे गुडघे धरलेले. नागपंचमीला आम्हाला सासरहून आणायला मुऱ्हाळी म्हणून जायचं कुणी? मामा म्हणाले, "मी जातो. गाडी तर काही येत न्हाई, पण जातो." गेले, आणि मग दरवर्षीचं ते काम त्यांच्याच गळ्यात पडलं. गल्लीत ज्या ज्या घरी जाणारं माणूस नव्हतं, त्यांनीही आपापल्या लेकी मामांवर सोपवल्या. मामा सेलूपर्यंत जायचे आणि तिथून एकेक पोर गोळा करत परतायचे. तिकिटाच्या खिडकीशी भांडण ठरलेलं. "साहेब, तिकीट तर देऊन राह्यले, गाडी कधी देता?"

एकदा मात्र गाडी अगदी वेळेवर आली. मामांचा चेहरा पडला. डब्यात चढले, पण अंग चोरून बसले. "वेळेवर आली म्हणजे पुढं काही तरी वाढून ठिवलं हिनं." आणि खरंच, परतूर सोडल्यावर भर माळावर इंजिन बंद पडलं. माणसं खाली उतरली. सडक कुठं दूर पलीकडं, आणि सडकेवर जाऊन तरी काय मिळणार होतं? एक बैलगाडी दिसली, तिच्यात कडबा. सगळे गाडीला शिव्या घालत होते. मामा तेवढे खुशीत! वळकटीतून गिरणीचं बेसन काढलं, तीन दगड मांडले, आम्हाला काटक्या वेचायला लावलं आणि डब्यातल्या लेकरांना आधी, मग मोठ्यांना, असं पिठलं वाढलं. वाढताना म्हणत होते, "म्हणलं न्हवतं? म्हणलं न्हवतं?" तसलं पिठलं मी नंतर कधी खाल्लं नाही.

माझं सासर सातोन्याच्या पुढं, रुळाला लागून एक खेडं. बस बाजाराच्या दिवशी यायची, आणि श्रावणात काळ्या मातीचा चिखल झाला की तीही नाही. बाहेर पडायला पॅसेंजर ही एकच वाट. सासूबाईंचा नियम सरळ होता. पंचमीच्या आदल्या दिवसापर्यंत मुऱ्हाळी आला तर जायचं, नाही तर पिशवी परत खुंटीला. न जाण्याचं दुःख एकीकडं, आणि शेजारणीचं बोलणं एकीकडं. गावात कुणाचा मुऱ्हाळी आला, कुणाचा नाही, याची तिला बारीक खबर. आला नाही की वर्षभर पाणवठ्यावर ऐकून घ्यायचं, "हिचं माहेर आटलं वाटतं गं."

आणि त्या वर्षी लाइन मोठी करायचं काम निघालं. रूळच उखडले. पॅसेंजर बंद. किती दिवस बंद, विचारावं तर कुणाला? त्याऐवजी दुसरं काही सुरू करावं, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. जीपगाड्या परतूरच्या सडकेला, तिथून आमच्याकडं यायचं तर पाय होते तेवढेच. आम्ही रुळाकाठची माणसं, रूळ गेले आणि जगातूनच उठलो. सासूबाई म्हणाल्या, "यंदा कोण येतंय तुझं? गाडीच न्हाई." मी तरी पिशवी भरली. वेडं मन! लेकराची झबली घातली, आईसाठी शेंगदाणे घातले, आणि दाराशी बसून रडत रडत तांदूळ निवडले.

आदल्या दिवशी दुपारी मामा आले. गुडघ्यापर्यंत चिखल, वहाणा हातात. परतूरपासून खडीवरून चालत आले होते. मी उठले, पिशवी उचलली, लेकराला काखेत मारलं.

"पिशवी ठिव," मामा म्हणाले. "तुला नेऊ कशात? ह्या खडीवरून लेकरू घेऊन चालशील का? बिलकुल न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "मग आलात कशाला? मला आशा लावायला?" सासूबाईंच्या देखत मी त्यांच्यावर ओरडले.

मामा तांब्याभर पाणी प्याले, गल्लीच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि गिरणीच्या पट्ट्याच्या घरघरीवर आवाज चढवावा तसे ओरडले, "ऐका हो! पोरीला न्यायला मुऱ्हाळी आल्ता म्हणावं! गाडी बंद है म्हणून तशीच ठिवून जाऊन राह्यलाय!"

शेजारीण दारात आली. पलीकडच्या दोघी आल्या. मामांनी पुन्हा एकदा सांगितलं, कुणी बहिरं असेल तर राहून जाऊ नये म्हणून. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

त्यांना पोचवायला मी रुळापर्यंत गेले. रूळ कसले, नुसती खडी. राग अजून होताच. म्हटलं, "आबांनी एक पत्र टाकलं असतं तरी चाललं असतं."

"तुझा आबा म्हणला, गाडी बंद है, ऱ्हाऊ द्या यंदा. समद्यायचं तेच म्हणणं." मामा खडीवर टेकले. मामी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्यांनी तिचं नाव काढलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "तुझ्या मामीला भाऊ न्हवता. मायबाप बी गेल्ते. तरी पंचमी आली की नवं लुगडं नेसून दारात बसायची. गल्लीतल्या बाया इचारायच्या, तुला कोण येणार? मंग मीच आतून म्हणायचो, येईल की, गाडी लेट असंल. लई वर्सं म्हणालो. ती बी मान डोलवायची. कुणी येणार न्हाई हे तिला बी ठावं, मला बी ठावं." त्यांनी पायातला काटा काढल्यासारखं केलं, काटा नव्हता. "गाडीचं नाव सांगून भागत न्हाई पोरी. बाई दारात बसलेलीच ऱ्हाती. दाराशी माणूस यावं लागतं."

मला रडू आलं ते थांबेना. मामा घाईनं उठले. "आपल्या गल्लीतली शांता राह्यली अजून, सेलूच्या अलीकडं. तिची सासू तर तुझ्या सासूच्या वरताण." आणि खडीवरून चालू लागले. पुढं पुलापाशी पाणी चढलं होतं, ते ओलांडून अंधाराच्या आत पोचतील की नाही, कुणास ठाऊक.

मागून धापा टाकत सासूबाई आल्या. फडक्यात भाकरी बांधून आणल्या होत्या. मामा लांब गेले होते, हाका पोचेनात. सासूबाई कपाळावर हात धरून बराच वेळ तिकडं पाहत राहिल्या.

"सख्खा मामा का गं तुझा?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "सख्खा."