तीन वर्षं मुरलेल्या पांढऱ्या रमचा तपासणी अहवाल

एखादी गोष्ट आपल्याला आवडली की नाही, हे माणसाला एकट्याने ठरवता येत नाही. त्यासाठी समिती लागते. कोल्हापुरात तालमीला समिती आहे, तालमीच्या वर्गणीला आहे, वर्गणीवरून झालेल्या भांडणालाही आहे. दारू तेवढी वर्षानुवर्षं कसलीही चौकशी न होता पोटात जात होती. ही उणीव भरून काढण्यासाठी राजारामपुरीत आमचं मद्य आस्वाद व मूल्यमापन मंडळ स्थापन झालं. मी त्याचा चिटणीस. सभासद अकरा. त्यांतल्या नऊ जणांकडे पिण्याचा आजन्म परवाना आहे (उरलेल्या दोघांनी वर्षाचाच काढलाय, कारण त्यांच्या घरच्यांना अजून आशा आहे).

बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजता, अध्यक्ष हंबीरराव यांच्या गच्चीवर. हातात नुसता पेला असला तर ते व्यसन, शेजारी वही असली की तो अभ्यास. हा फरक मी माझ्या पत्नीला तीनदा समजावून सांगितला आहे (तिने वही ठेवून घेतली).

जानेवारीच्या बैठकीपुढचा विषय होता, 'परवडणारी, तीन वर्षं मुरवलेली पांढरी रम'. परवडणारी म्हणजे सातशेच्या आत. ही रम लाकडी पिंपात तीन वर्षं ठेवतात. तिला लाकडाचा सोनेरी रंग चढतो. मग ती कोळशातून गाळून तो रंग काढून टाकतात आणि पाण्यासारखी दिसायला लागली की बाटलीत भरतात. तीन वर्षं काम करायचं आणि काम झाल्याचा एकही पुरावा मागे ठेवायचा नाही, ही पद्धत सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या आमच्या चार सभासदांना लगेच पटली.

आता अध्यक्षांविषयी. हंबीरराव शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं तपासणी खात्यात होते. गेटवर ट्रक खोळंबलेला असे, त्यामुळे ओतलेला माल थंड होण्याआधीच ते त्याचा तपासणी अहवाल भरून ठेवत. एकतीस वर्षांत त्यांना एकाही नगात दोष सापडला नाही. मंडळाचा छापील तक्ता त्यांनीच दिला, तो फाउंड्रीचाच आहे. रकाने असे: भेगा, हवेचे फुगे, वाळूचे कण, पृष्ठभाग, शेरा. आजवर तपासलेल्या सतरा बाटल्यांपैकी शंभर टक्के बाटल्यांत वाळू आढळलेली नाही.

शेऱ्याच्या रकान्यात हंबीरराव लिहितात, 'व्हॅनिला, भाजलेलं खोबरं, शेवटी ओलं लाकूड.' त्यांचं पाहून बाकीचे दहा जण तेच लिहितात. सतरा बैठकांच्या एकशे सत्त्याऐंशी तक्त्यांपैकी एकशे शहाऐंशींत भाजलेलं खोबरं आहे (दोनदा बिअर होती, तिच्यातही आहे). राहिलेला एक तक्ता केरबाचा, पहिल्या बैठकीतला. केरबा वीस वर्षं गुऱ्हाळावर गूळ करायचा. त्याने लिहिलं, 'उसाच्या मळीचा वास येतोय.' त्याला समज देण्यात आली (रम मळीचीच करतात, हे इतिवृत्तात घेतलेलं नाही).

एक गोष्ट मात्र फक्त मला आणि हंबीररावांच्या पत्नी आक्काताई यांना ठाऊक होती. चार वर्षांपूर्वीच्या त्या साथीच्या तापात हंबीररावांचा वास गेला, तो परत आलाच नाही. हे बाहेर फुटलं असतं तर खुर्ची गेली असती. खुर्ची प्लॅस्टिकची आहे, पण निवृत्तीनंतर हंबीररावांना कोणी काही विचारत नाही. लाइटबिलसुद्धा मुलगा पुण्यातून परस्पर भरतो. महिन्यातून एकदा दहा माणसं त्यांच्या तोंडाकडे बघून विचारतात, "कसं हाय, आण्णा?" मला या माणसाची फार माया वाटते (ही नोंद वैयक्तिक समजावी).

अशा वेळी सोडून गेलेल्या एका सभासदाच्या जागी मंडळात पृथ्वीराज आला. त्याने दोन दिवसांचा आस्वाद वर्ग केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून तो खिशात बाळगत असे.

"आण्णा, लेबल बघून कुणीबी सांगंल की," तो म्हणाला. "तीन पेलं ठेवतो. एकात तीन वर्सांची, एकात वर्साची, एकात न मुरवलेली. तीन वर्सांची कंची ते वळखा. चुकला तर खुर्ची सोडायची."

"ठेव," हंबीरराव म्हणाले.

पृथ्वीराजने आम्हा सर्वांना पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभं केलं, तीन पेले भरले आणि प्रत्येकाखाली एक चिठ्ठी ठेवली. पुरावा म्हणून चित्रीकरण हवं, म्हणून तो गाडीत राहिलेला मोबाइल आणायला खाली गेला. त्याच वेळी आक्काताई शेंगदाणे घेऊन वर आल्या. सतरा बैठकांत त्या गच्चीवर कधी आल्या नव्हत्या. आम्ही शिस्त म्हणून टाकीकडेच बघत राहिलो.

पृथ्वीराज परतला तेव्हा टेबल लख्ख पुसलेलं होतं. तीन पेले ओळीने, आणि तिन्ही चिठ्ठ्या एकावर एक, वर लिंबू.

"काकी, हे काय केलंसा?"

"एवढं शिकून आलास आन् टेबलावर कागदं टाकतोस व्हय?" आक्काताई म्हणाल्या. "पुसून घेतलं."

तिन्ही पेले पाण्यासारखे. सर्वांनी प्रमाणपत्राकडे पाहिलं. पृथ्वीराजने प्रत्येक पेला तीनदा हुंगला आणि जाहीर केलं, की त्याला कालपासून सर्दी आहे.

मग नियमाप्रमाणे पुढे गेलो. हंबीररावांनी मधल्या पेल्याकडे बोट दाखवलं. मतदान झालं. सात विरुद्ध चार मतांनी मधला पेला तीन वर्षांचा ठरला. टाळ्या पडल्या. आणि हंबीरराव उभे राहिले.

"थांबा. मला वास येत न्हाय. चार वर्सं झाली. खोबरं न्हाय, लाकूड न्हाय, कायसुदीक न्हाय. मी आपलं सवयीनं लिव्हतोय."

आक्काताईंनी शेंगदाण्यांची ताटली खाली ठेवली. केरबा म्हणाला, "मला येतोय की वास. मळीचा येतोय, पैल्यापास्नं. पर तुमी खोबरं लिव्हलं. म्हटलं, आपलंच नाक बिघडलं आसंल."

त्यानंतर एकेक सभासद बोलता झाला. माझ्यासह एकालाही आजवर खोबरं लागलेलं नव्हतं.

मंडळाने प्रसंगाचं गांभीर्य ओळखून तिथेच ठराव केला: ज्याला वासच येत नाही त्याच्यावर कोणत्याही वासाचा दबाव येऊ शकत नाही, सबब हंबीरराव हेच जिल्ह्यातले एकमेव निःपक्ष परीक्षक असून त्यांना तहहयात अध्यक्ष करण्यात येत आहे. सूचक केरबा, अनुमोदक पृथ्वीराज (सर्दीमुळे त्याच्याही निःपक्षपणाबद्दल शंका उरली नव्हती). हंबीररावांनी डोळे पुसले आणि शुक्रवारीच भरून ठेवलेल्या अहवालावर सही केली. दहापैकी सव्वाआठ गुण. व्हॅनिला, भाजलेलं खोबरं, शेवटी ओलं लाकूड.

अहवाल दुपारी मोबाइलवरून सगळीकडे गेला. संध्याकाळपर्यंत राजारामपुरीतल्या दुकानांत ती बाटली संपली. कुरुंदवाडहून एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला, "पावणं, खोबरं काय झ्याक लागतंय वो!"

तुम्ही त्यांना हसलात. पण व्हॅनिला, भाजलेलं खोबरं वाचताना तुमची जीभ हळूच टाळूला लागली होती आणि 'बाटलीचं नाव का नाही सांगितलं' हा प्रश्नही तुमच्या मनात येऊन गेला आहे. मंडळात सध्या दोन जागा रिकाम्या आहेत. अर्जाला फोटो आणि परवान्याची प्रत जोडावी. नाक तपासलं जात नाही.