साठ सेकंद हलायचं नाही!

कॅमेऱ्यावरचा आकडा मोठा तेवढं भिंगामागचं छिद्र बारीक. छिद्र बारीक तेवढं जवळचं-दूरचं सगळं लख्ख! फोटोग्राफीच्या वर्गाला मी तीनच दिवस गेलो होतो. पण एवढं कळल्यावर चौथ्या दिवसाची गरज कुणाला?

रंभाआत्या उद्या नंदनवन वस्तीतलं घर सोडून काटोलला लेकाकडे कायमची जाणार होती. तिचे एकोणीस पितळी गुंड, म्हणजे पाण्याच्या मोठ्या कळशा, सुनांमध्ये वाटले जाणार होते. त्याआधी गुंडांसोबत एक फोटो, एवढंच तिचं मागणं. रोलमध्ये एकच फोटो शिल्लक. (आधीच्या अकरांबद्दल विचारू नका!)

"एकही गुंड सुटला नाही पायजे गा!"

"छिद्र बावीसवर ठेवतो, आत्या!"

बावीस म्हणजे सुईचं नेढं. म्हणजे उजेड थेंबाथेंबानं आत येणार. म्हणजे त्या अंधाऱ्या खोलीत शटर पूर्ण एक मिनिट उघडं!

"हललीस तर धूसर होशील."

"मी? मी काहून हालीन गा?"

मागे गुंडांची रांग, पुढे खुर्चीत आत्या. कॅमेरा स्टुलावर. बटण दाबून धरलं.

एक. दोन. तीन.

आत्या म्हणजे मैलाचा दगड!

दहा. मागच्या दारानं शेजारची प्रेमिला विरजण मागायला आली. आमच्या गल्लीत म्हाताऱ्या माणसाचा पहिला फोटो बहुतेक शेवटचाच असायचा: गेल्यावर, खुर्चीत बसवून. प्रेमिलानं आत्याचे ताठ हात पाहिले, न मिटणारे डोळे पाहिले, आणि—

"गेलीऽऽ! रंभाबाई गेली वं!"

सतरा. बटण सोडलं तर फोटो अंधारात. बोललो तर मोजणी चुकणार. अठरा!

शेजारचे कवडूजी धावले. मागोमाग अर्धी गल्ली. सगळे आत्याच्या खुर्चीमागे.

"काल त फुटाणे चाबून राहिली होती!"

"काटोलले जाणार होती, वरच गेली!"

"काहून सांगितलं नाही गा आमाले?" कवडूजींनी मला विचारलं.

"अठ्ठावीस!"

"दुःखानं डोकं फिरलं बिचाऱ्याचं!"

एक्केचाळीस. कवडूजी बांबू आणायला माणूस पाठवून मोकळे! आत्यानं तर श्वासही रोखला. जिद्द ती जिद्द!

"सोन्यासारखी बाई," प्रेमिला हुंदका देत म्हणाली, "पन विरजण द्याले लय कंजूस!"

आत्याच्या कपाळाची शीर उडाली. मान? तसूभर हलली नाही!

अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ!

"झालं!" मी ओरडलो.

आत्या उठली. "कंजूस कोन वं?"

जो तो दिसेल त्या दारानं पळाला. बांबूवाला कोपऱ्यावरूनच परत फिरला.

आठवड्यानं फोटो धुऊन आला. मी तो घेऊन काटोलची बस पकडली. फोटोत आत्या लख्ख, सुरकुत्यांसकट! मागची हलणारी, रडणारी माणसं म्हणजे नुसता पांढरा धूर.

"मीच तेवढी जिती दिसून राहिली ना गा!" आत्या खूश. "बाकी सारे भूतं!"

मी छाती फुगवली. तिनं चष्मा चढवला, फोटोवरून बोट फिरवलं.

"आन माहे गुंड?"

धुरामागे एकोणीसच्या एकोणीस आहेत, असं मी शपथेवर सांगितलं.

दिसत होता दीड.