लय सुसाट!

आमच्या कॉलनीत बोरस्तेकाकांनी परवा गोगलगाय सुसाट निघाली असं जाहीर केलं, आणि वॉचमनने नुसती मान डोलावली. मी मराठीचा मास्तर. हादरलोच.

काका माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे निफाडचे. उभा जन्म एसटी चालवली. वणीच्या घाटात म्हणे समोरचे ड्रायव्हर त्यांना पाहून आपणहून बाजूला व्हायचे. आता मात्र कुठे काही रेंगाळलं की हे हात मागे बांधून बघत उभे. "लय सुसाट हाय." आमची लिफ्ट सुसाट, खोदून ठेवलेला रस्ता सुसाट, थेंब थेंब गळणारा नळही सुसाट.

"काका, वाऱ्यासारखं जातं ते सुसाट," मी एकदा समजावलं.

"तुमचं राहू द्या तुमच्यापाशी, मास्तर. पेपर तपासून झाले का? नाय? मग तुमी बी सुसाट."

हळूहळू सगळी कॉलनी बिघडली. भाजीवाली "सुसाट येते" म्हणाली की तासभर ती येणार नाही, हे आम्ही धरूनच चालायचो.

काल त्यांच्याकडे द्राक्षं द्यायला गेलो. दार उघडंच होतं. काकूंच्या अंगावरून वारं गेल्यापासून त्या बाहेर दिसत नाहीत. वॉकर धरून, एक पाय ओढत त्या खुर्चीकडे निघाल्या होत्या, आणि काका समोर उभं राहून टाळ्या पिटत होते. "सुसाट! लय सुसाट!"

माझं डोकंच फिरलं. "काका, लाज वाटत नाही? बायको आहे ती तुमची."

काकूच थांबून एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "लिफ्ट... कुठवर आली?"

"अडकली ना तिसऱ्या मजल्यावर," काका म्हणाले. "आन् रस्ता हाय तिथंच हाय."

"मग मी... म्होरं." त्यांनी पुढचं पाऊल टाकलं.

काका माझ्याजवळ सरकून हलक्या आवाजात म्हणाले, "सावकाश चाल म्हनलं की रडायची, मास्तर. पाऊलच उचलायची नाय. सगळे गेले पुढं, मी एकलीच मागं, म्हनायची. म्हनून दिसभर हिंडतो. तिच्या संगतीला कोन ना कोन घेऊन येतो घरी."

द्राक्षं हातातच राहिली होती.

"काकू," मी म्हणालो, "माझे पेपर अजून तसेच पडलेत."

काकूंचा अर्धाच चेहरा हसला.

"मास्तर... लय सुसाट," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीला हात लावला.